एक नंबरच्या भोकात दोन नंबरचा टेपर

लाकूड कातण्याच्या लेथवर सेंटर, ड्रिल चक यांसारखी साधने बहुधा टेपरच्या जोरावर बसतात. टेपर म्हणजे टोकाकडे निमुळती होत गेलेली गोल दांडी आणि नेमक्या तिच्याच उताराचे भोक. दांडीला शँक म्हणतात. भोक एका बाजूला हेडस्टॉकच्या स्पिंडलमध्ये असते, दुसऱ्या बाजूला टेलस्टॉकच्या नळीत. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ असतील तर शँक आत सरकवून तळहाताने एक ठोसा दिला की पुरते. तिला स्क्रू लागत नाही, पिन लागत नाही. उतार इतका कमी असतो की घर्षणच तिला धरून ठेवते. मोर्स टेपरचा उतार मध्यरेषेशी जेमतेम दीड अंशाचा आहे. पोलादावरून पोलाद घसरायला साधारण आठ-नऊ अंशांचा उतार लागतो. त्यामुळे एकदा बसलेली शँक सहसा मागून ठोकल्याशिवाय निघत नाही.

हा टेपर स्टीफन मोर्स यांच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या या कारागिराने १८६३ मध्ये पीळदार ड्रिलचे पेटंट घेतले आणि त्याच दशकात ड्रिल यंत्रात धरण्यासाठी हा निमुळता आकार रूढ झाला. जन्म ड्रिलसाठी झाला ही गोष्ट लेथवाल्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ड्रिलवर दाब येतो तो आतल्या दिशेने, म्हणजे काम जितके जोरात तितका टेपर घट्ट. लाकडाच्या लेथवर मात्र शँक कधी बाहेर ओढली जाते, तर कधी आडवी हलवली जाते, आणि टेपर दगा देतो तो अशाच वेळी.

मोर्स टेपरचे ० ते ७ असे क्रमांक आहेत. दुकानात कोणी 'एमटी-टू' म्हणतो, कोणी 'दोन नंबर'. लाकडाच्या लहान लेथवर १ आणि २ हे दोनच क्रमांक नेहमी भेटतात. क्रमांक १ चे भोक तोंडाशी १२.०६५ मिलिमीटर व्यासाचे असते, क्रमांक २ चे १७.७८० मिलिमीटर. दोन्हींचा उतार विसास एक, म्हणजे वीस मिलिमीटर आत गेले की व्यास एक मिलिमीटरने घटतो. आकार वेगळा पण उतार जवळपास एकच. पुढची बरीच कामे या एका गोष्टीमुळे सोपी होतात.

न जुळणाऱ्या टेपरचा प्रश्न लहान लेथवरच जास्त येतो, कारण या लेथांचा स्पिंडल बारीक आणि बाजार मोठ्या लेथांचा. स्पिंडलचे पाऊण इंची नाक, त्यावर इंचाला १६ आटे आणि आत क्रमांक १ चा टेपर, ही जुन्या छोट्या लेथची नेहमीची ओळख. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत सेंटर मागितले तर समोर येते ते दोन नंबरचे, कारण तेच जास्त खपते. जुन्या बाजारातून उचललेल्या साधनांवर क्रमांक असेलच असे नाही. घरी आल्यावर कळते की शँकचे सर्वांत बारीक टोकसुद्धा भोकात शिरत नाही. दोन नंबरच्या शँकचा बारीक टोकाचा व्यास साडेचौदा मिलिमीटर असतो आणि एक नंबरच्या भोकाचे तोंडच बारा मिलिमीटरचे.

म्हणून पहिले काम ओळख पटवण्याचे. व्हर्निअरने शँकचा व्यास दोन ठिकाणी मोजावा, त्या दोन ठिकाणांतले अंतरही मोजावे आणि व्यासांतल्या फरकाने त्या अंतराला भागावे. उत्तर वीसच्या आसपास आले तर टेपर मोर्स कुळातला. जुन्या यंत्रांवर कधी ब्राउन अँड शार्प टेपर भेटतो, त्याचा उतार बहुतेक क्रमांकांत चोविसास एक. तो मोर्सच्या भोकात शिरतो, हाताला बसल्यासारखाही वाटतो, पण टेकतो एकाच कडेवर. ड्रिल चकच्या मागच्या भोकाबाबत तर जास्तच फसगत होते. बी-१६ आणि जेकब्स ३३ या दोन्ही टेपरांचे मोठे व्यास अनुक्रमे १५.७३३ आणि १५.८५० मिलिमीटर. डोळ्याला फरक दिसत नाही. पण बी-१६ चा उतार विसास एक आहे आणि जेकब्स ३३ चा सुमारे पावणेसोळास एक. एकाचा चक दुसऱ्याच्या दांडीवर ठोकून बसतो आणि पहिल्या जाड ड्रिलबरोबर गळून पडतो.

ओळख पटल्यावर सर्वांत सोपी परिस्थिती म्हणजे लहान शँक मोठ्या भोकात बसवायची. त्यासाठी तयार स्लीव्ह मिळते. बाहेरून दोन नंबर, आतून एक नंबर. तिची भिंत तीन मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, तरी दोन्ही बाजूंनी पोलाद टेकलेले असल्यामुळे ती दबत नाही. काळजी घ्यावी लागते ती काढताना. हेडस्टॉकमधून मागून सळई ठोकली की सळई स्लीव्हच्या बंद टोकावर बसते आणि स्लीव्हसकट सेंटर बाहेर येते. मग स्लीव्हच्या बाजूच्या खाचेत ड्रिफ्ट म्हणजे चपटी पाचर घालून दोघांना सोडवावे लागते. ही पाचर घरी नसते आणि तिच्याऐवजी स्क्रूड्रायव्हर वापरला की खाचेची कड फुगते. फुगलेली कड पुढच्या वेळी भोकाला ओरखडा पाडते. पट्टीच्या तुकड्यातून कानशीने केलेली पाचर अर्ध्या तासाचे काम आहे. स्लीव्ह घेताना तीही करून ठेवावी.

उलट परिस्थिती अवघड. क्रमांक १ च्या लेथवर क्रमांक २ चे साधन बसवायचे तर एकात दुसरे मावत नाही. बाजारात यासाठीही जोड मिळतो, एका टोकाला एक नंबरची शँक आणि तिच्यापुढे दोन नंबरचे सॉकेट. दोन नंबरची शँक सुमारे ६५ मिलिमीटर आत जाते. तेवढे सॉकेट आणि वर त्याची कड धरली की साधन लेथच्या तोंडापासून आठ सेंटिमीटर पुढे लटकते. दोन सेंटरांत तीनशे मिलिमीटर जागा असलेल्या लेथची चौथाई लांबी तिथेच गेली. लांबीपेक्षा नेमकेपणाचे नुकसान मोठे. जोडाच्या शँकमध्ये केसाएवढा तिरकेपणा असला तरी तो पुढे गेल्यावर लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि लाकडावर टेकणारे टोक गोल फिरताना स्पष्ट दिसते. लाटण्यासारख्या कामात ते खपून जाईल, पेनाच्या बारीक नळीवर नाही.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे स्पिंडलचे भोकच मोठे करणे. पाऊण इंची नाकाच्या लेथवर तो शक्य नाही आणि कारण साध्या हिशेबात सापडते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. इंचाला १६ आटे कापले की आट्यांच्या तळाशी उरतो सुमारे १७.१ मिलिमीटर व्यास. दोन नंबरच्या टेपरचे तोंड १७.७८ मिलिमीटर. म्हणजे भोक पूर्ण व्हायच्या आधीच नाकाचे आटे आतून उघडे पडतील. टेलस्टॉकची नळी जाड असल्याने तिथे मोह अधिक होतो, पण नळी मोठी केली की हेडस्टॉक आणि टेलस्टॉकचे साहित्य एकमेकांत बदलता येत नाही आणि कापताना मध्यरेषा सरकली तर ती परत आणता येत नाही. बदल साधनात करायचा आणि लेथ आहे तसा ठेवायचा, हा नियम इथून निघतो.

साधनात बदल म्हणजे दोन नंबरची शँक कापून एक नंबरची करणे. त्यासाठी धातूचा लेथ लागतो. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तासाभराचे हे काम असते, पण काय सांगायचे हे माहीत असावे लागते. पुण्यातल्या एका घरगुती कार्यशाळेत एका रिव्हॉल्व्हिंग म्हणजे फिरत्या टोकाच्या सेंटरवर झालेले हे काम चांगला नमुना आहे.

आधी कानशीने चाचणी झाली. शँकच्या टोकाला, जिथे खूण राहिली तरी चालते अशा जागी, कानस एकदा फिरवली. कानस चावली आणि चकचकीत पांढरी रेघ उमटली, म्हणजे पोलाद मऊ. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली असती तर शँक कडक समजून कार्बाइडचे टूल किंवा ग्राइंडिंगवाला शोधावा लागला असता. दुसरी पाहणी आतल्या पोकळीची. काही रिव्हॉल्व्हिंग सेंटरमध्ये मागचे बेअरिंग शँकच्या जाड भागात शिरलेले असते. व्यासातून पावणेसहा मिलिमीटर काढायचे असल्याने अशी शँक कापली तर भिंत फुटून बेअरिंग दिसू लागते. या सेंटरचे बेअरिंग डोक्यातच होते.

सेंटरचे न फिरणारे डोके चार जबड्यांच्या चकमध्ये धरले, टोक चकच्या आत आणि शँक बाहेर. डायल गेज लावून शँक दोन जागी फिरवून पाहिली. चकजवळचा डगमग जबड्यांनी काढला आणि दूरच्या टोकाचा डगमग तांब्याच्या हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी.

आता कंपाउंड स्लाइड नेमक्या उतारावर लावायची. स्लाइडच्या अंशपट्टीवर दीड अंशाच्या आसपासचा नेमका कोन वाचता येत नाही, तिथे अंदाजच चालतो. पण उतार दाखवणारी वस्तू तर चकमध्येच धरलेली होती. क्रमांक १ आणि २ च्या उतारांत फरक आहे तो व्यासावर, पूर्ण लांबीत मिळून, चार हजारांश मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणून डायल गेज टूलपोस्टवर, सेंटरच्या उंचीवर धरला, त्याचे टोक जुन्या दोन नंबरी शँकवर टेकवले आणि कंपाउंडचे हँडल फिरवत त्याला शँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. काटा सरकला, कंपाउंड किंचित वळवली, पुन्हा नेले. सातव्या-आठव्या फेरीला काटा जागचा हलला नाही. चुकीचे म्हणून आलेले साधनच बरोबर उताराचे गेज ठरले. ही युक्ती १ आणि २ या जोडीपुरतीच समजावी. शून्य क्रमांकाचा उतार याहून तीव्र आहे आणि पन्नास मिलिमीटर लांबीत व्यासाचा फरक एक दशांश मिलिमीटरपर्यंत जातो. तेवढा फरक टेपर सैल करायला पुरेसा आहे.

टूलचे टोक बरोबर मध्यरेषेच्या उंचीवर हवे. ते वर किंवा खाली राहिले तर कापलेली बाजू सरळ उतार न होता मध्ये किंचित पोकळ होते आणि शँक दोन टोकांवरच टेकते. इथे आधीच्या फेऱ्या जाड आणि शेवटच्या बारीक घेतल्या. किती उरले हे कळायला वेगळे मोजमाप लागले नाही. स्लीव्हच्या आतले एक नंबरचे भोकच मापाला वापरले. स्लीव्ह शँकवर चढवायची आणि किती पुढे जाते ते पाहायचे. उतार विसास एक असल्याने स्लीव्ह हव्या जागेपासून चार मिलिमीटर अलीकडे अडली तर व्यासावर दोन दशांश मिलिमीटर काढायचे उरलेले असतात. शेवटी अर्धा मिलिमीटर अंतर राहिले तेव्हा कापणे थांबले आणि बारीक पॉलिश पेपर सपाट पट्टीवर गुंडाळून दोन हात फिरवले. पेपर बोटाने दाबून घासला की कडा गोल होतात.

बसलेला टेपर आणि बसल्यासारखा वाटणारा टेपर यांतला फरक हाताला कळत नाही, तो रंगाने पाहावा लागतो. शँकवर लांबीने निळ्याच्या तीन पातळ रेघा ओढायच्या. प्रशियन ब्लू नसेल तर मार्कर पेनही चालते. शँक भोकात हलक्या हाताने घालून पाव फेरा फिरवायची आणि काढायची. रेघा सगळ्या लांबीत सारख्या पुसटल्या तर टेपर बसला. फक्त जाड टोकाकडे पुसटल्या तर शँकचा उतार जास्त झाला, फक्त बारीक टोकाकडे पुसटल्या तर कमी. दोन्ही टोकांना पुसटून मध्ये रेघ शाबूत राहिली तर टूलची उंची चुकली होती. ही चाचणी स्लीव्हमध्ये नव्हे, ज्या लेथवर साधन वापरायचे त्याच्याच भोकात करायची. आणि त्याआधी भोकात बोट फिरवून पाहायचे. एखादा उंचावलेला ओरखडा सबंध टेपर एका बाजूला ढकलतो. असा ओरखडा क्रमांक १ च्या रिमरने, रिमर हातात धरून, हलक्या फेऱ्यांत काढावा. यंत्रावर लावून नाही.

उतार जुळला तरी लांबी जुळत नाही, असे बऱ्याचदा होते. शँकच्या मागे टँग म्हणजे चपटी जीभ असेल तर टेलस्टॉकच्या नळीत ती आतल्या ढकलस्क्रूला आधीच टेकते आणि टेपर धरत नाही. सेंटर हाताने ओढले की निघते, लाकडाचा दाब आला की घट्ट झाल्यासारखे वाटते आणि दाब कमी झाला की पुन्हा सुटते. अशा वेळी दोष उताराला दिला जातो, खरा दोष जिभेचा. जीभ कापून शँकचे टोक सपाट केले की काम होते. उलटही घडते. शँक आखूड असेल तर नळी पूर्ण मागे घेतली तरी ढकलस्क्रू तिला पोहोचत नाही आणि सेंटर अडकून बसते. तेव्हा शँकच्या मागच्या टोकात छिद्र पाडून, आटे कापून एक बोल्ट घालावा. त्याचे डोके लांबी भरून काढते.

ड्रिल चकची गोष्ट वेगळी, कारण इथे जोराची दिशा उलटते. टेलस्टॉकमधल्या चकने खोल भोक पाडताना ड्रिल आत जाते तोवर टेपर घट्ट होत जातो. भुसा साफ करायला ड्रिल मागे घेतले की लाकूड ड्रिलला धरून ठेवते आणि चक टेपरमधून सुटून ड्रिलबरोबर गरगर फिरू लागतो. म्हणून ड्रिल मागे घेताना चक हाताने धरून ठेवणे ही सवय हवी, आणि त्याआधी वेग कमी. हेडस्टॉकमध्ये चक लावून त्यात लाकूड धरायचे तर ड्रॉबार म्हणजे मागून ताणून धरणारी सळई अनिवार्य आहे. आडव्या कापाच्या थरथरीने टेपर हळूहळू सुटतो आणि सुटलेला चक लाकडासकट उडतो. एक नंबरच्या शँकमध्ये मागून एम-६ चे आटे असावेत ही प्रमाणित पद्धत आहे, दोन नंबरमध्ये एम-१०. स्पिंडल आरपार पोकळ असेल तर आटे असलेली लांब सळई मागून घालायची आणि हँडव्हीलच्या बाहेर वॉशर व नट लावून ताणायची. नट फार पिळायचा नसतो. टेपर आधी बसलेला असतो, सळईचे काम त्याला सुटू न देणे एवढेच.

हलक्या कामांसाठी लाकडाचा टेपरही चालतो आणि तो त्याच लेथवर करता येतो. शिसव किंवा बाभळीचा घट्ट तुकडा दोन सेंटरांमध्ये धरायचा, तोंडाशी सव्वाबारा मिलिमीटर आणि पन्नास मिलिमीटर पुढे पावणेदहा मिलिमीटर ठेवून कातायचा. मग रेघांच्या चाचणीने पॉलिश पेपर मारत भोकात बसवायचा. बाहेरच्या टोकाला हवा तसा आकार द्यावा. वाटीच्या तळाला आधार देणारा ठोकळा म्हणा, डबीचे झाकण दाबून धरायची खुंटी म्हणा, किंवा पोकळ नळीत जाणारा शंकू. असा टेपर पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात सैल होतो, पण पाच मिनिटांत नवा करता येतो. त्यावर जड लाकूड मात्र फिरवू नये.

नाकाचे आटे वापरता येत असतील तर टेपरच्या वाटेला जाऊच नये, हाही एक पर्याय आहे. फेसप्लेट किंवा चार जबड्यांचा लाकडाचा चक आट्यांवर बसतो. पाऊण इंची नाकावर एक इंची चक लावायला आट्यांचा जोड मिळतो. मोठ्या वाट्या, ताटल्या या कामांत दोन नंबरची कोणतीही जुळवाजुळव करण्यापेक्षा हा जोड स्थिर राहतो.

सगळे बसले की शेवटची पारख. हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर, टेलस्टॉकमध्ये बदललेले सेंटर, आणि दोघांची टोके जवळ आणून पांढऱ्या कागदासमोर पाहावे. टोकाला टोक भिडले पाहिजे. भिडत नसतील तर आधी बदललेले सेंटर टेपरमध्ये अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावे. चूक सेंटरबरोबर फिरली तर शँकमध्ये आहे, जागच्या जागी राहिली तर टेलस्टॉकमध्ये. काढताना रिव्हॉल्व्हिंग सेंटरच्या डोक्यावर कधीही हातोडी मारू नये. बेअरिंगच्या गोळ्यांनी खोलगटात पाडलेला एक ठसासुद्धा पुढे प्रत्येक फेऱ्यात वाजतो.

बदललेल्या शँकवर क्रमांक कोरून ठेवावा, कारण वर्षभराने तीच शँक हातात घेऊन मालक पुन्हा व्हर्निअर शोधतो. सेंटर बिघडले तर बाजारात दुसरे मिळते. जुन्या लहान लेथचा स्पिंडल बिघडला तर मिळत नाही.